धागा: कॉमर्स नसताना जमाखर्च शिकतेय, पण 'नावे' आणि 'जमा' डोक्यात बसत नाही

पेट्रीडिश
नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहते, ठाण्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर सरळ सायन्स, त्यामुळे हिशोबाच्या वहीशी कधी गाठच पडली नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्या शाखेबाहेरचा एक विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतो. मी मुद्दाम अकाउंट्सची ओळख करून देणारा पेपर घेतला, कारण मी आणि ताई दिवाळीत आकाशकंदील करून विकतो आणि पुढे ते जरा मोठ्या प्रमाणावर करायचं मनात आहे.

अडलंय ते सांगते. पुस्तकात लिहिलंय, रोख रक्कम आली की रोख खाते नावे, म्हणजे डेबिट. माझ्या पासबुकात मात्र पैसे भरले की 'जमा', म्हणजे क्रेडिट, असं छापून येतं. पैसे माझेच, आले माझ्याचकडे, मग एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा का? वर्गात विचारलं तर नियम पाठ करा, सवयीने येईल असं उत्तर मिळालं. पाठ केले. पण उदाहरण थोडं बदललं की चुकतं.

स्टेशनजवळच्या एका क्लासलाही गेले होते. चार रविवार, ३,५०० रुपये. तिथे टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ ५ दाबलं की पेमेंट, एफ ६ दाबलं की रिसीट, एफ ७ दाबलं की जर्नल हे शिकवलं. बटणं पाठ झाली. कुठलं खातं नावे टाकायचं आणि का, हे कुणी सांगितलं नाही. पैसे आईने दिले होते, त्याचं फार वाईट वाटलं.

गेल्या दिवाळीचे आमचे आकडे देते. यावरच कुणी समजावलं तर उपकार होतील.

आमच्या साठवलेल्या पैशातले ५,००० घातले. आत्याकडून ३,००० उसने घेतले. कागद, बांबूच्या काड्या, डिंक, दोरा मिळून ४,२०० चा माल रोखीने आणला. कागद कापायचा ट्रिमर १,८०० ला घेतला. टेबल आणि जागेचं भाडं ९००. १५० रुपयांप्रमाणे ६० कंदील गेले. ५२ रोखीने, म्हणजे ७,८००. आठ कंदील एका सोसायटीने नेले, त्यांचे १,२०० अजून यायचे आहेत. मधेच गल्ल्यातून ५०० घेऊन मी माझा मोबाईल रिचार्ज केला. शेवटी गल्ल्यात ८,४०० उरले आणि साधारण ७०० चा कागद शिल्लक राहिला.

नफा किती झाला? ताई म्हणते ८,४००. मी म्हणते ३,४००, कारण ५,००० आपलेच होते. आई म्हणते आत्याचे ३,००० ही वजा करा, म्हणजे ४०० च.

---

ऐरोली_लोकल
मी इंजिनीअर. नोकरी लागल्यावर प्रोजेक्टचं बजेट सांभाळायची वेळ आली तेव्हा हे सगळं नव्याने शिकलो, त्यामुळे तुझी अडचण नेमकी कळतेय. माझा सल्ला: पुस्तकातले पाठ करायला लावतात ते तीन सोनेरी नियम सध्या बाजूला ठेव. एकच समीकरण घे.

मालमत्ता = देणी + भांडवल

तुला रसायनशास्त्रातली समीकरणं संतुलित करायची सवय आहे. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे. इथेही तसंच. आत्याचे ३,००० आले, डावीकडे रोकड ३,००० ने वाढली आणि उजवीकडे देणं ३,००० ने वाढलं. ट्रिमर घेतला तेव्हा दोन्ही बदल डावीकडेच झाले, रोकड १,८०० ने कमी आणि यंत्र १,८०० ने जास्त. एकही व्यवहार असा सापडणार नाही की ज्यात एकच आकडा बदलतो. द्विनोंदी म्हणतात ती हीच. डावीकडचं वाढलं की नावे, उजवीकडचं वाढलं की जमा. कमी झालं की उलट.

---

पेट्रीडिश
धन्यवाद दादा, समीकरण आवडलं. पण त्यातच दोन शंका आल्या. भाडं आणि विक्री यात कुठे बसतात? आणि भांडवल उजवीकडे, देण्यांच्या पंगतीला का बसलंय? ते तर आमचेच पैसे. स्वतःलाच देणं कसं असेल?

---

वहीखाते
पेट्रीडिश, बाळ, मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर चौतीस वर्षं हिशोब लिहिला. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांपासून टॅलीपर्यंत सगळं हाताखालून गेलं. आता कोपरखैरण्याला घरी असतो. तुझी पासबुकाची शंका अगदी खरी आहे आणि ती विचारलीस हे फार चांगलं केलंस. पुष्कळ लोक ती न विचारताच बी.कॉम. होतात.

कुठल्याही नोंदीआधी एकच विचारायचं: वही कोणाची?

पासबुक तुझ्या कपाटात असतं म्हणून ते तुझं वाटतं. ते बँकेच्या वहीतलं तुझ्या खात्याचं पान आहे, तुला दाखवायला छापून दिलेलं. बँकेच्या वहीत तू कोण? पैसे आणून देणारी. देणाऱ्याचं खातं जमा. म्हणून तिथे 'जमा' छापलं. आता तू तुझी वही उघड. तुझ्या वहीत बँक कोण? पैसे घेणारी. घेणाऱ्याचं खातं नावे. व्यवहार एक, वह्या दोन, म्हणून शब्द उलटे. एटीएममधून पैसे काढल्यावर 'डेबिट' असा मेसेज येतो तोही बँकेच्या वहीतला आहे. डेबिट म्हणजे पैसे गेले हा समज त्या मेसेजमुळे घट्ट होतो आणि पुढचं सगळं त्यामुळे अडतं.

आता शब्दांकडे बघ. नावे आणि जमा हे आपल्या वाण्याच्या दुकानातले शब्द आहेत. महिना संपत आला की घरातली बाई वाण्याला सांगायची, 'आमच्या नावावर मांडून ठेवा.' पगार झाला की कुणीतरी जाऊन म्हणायचं, 'एवढे जमा करून घ्या.' वाण्याच्या वहीत तुमच्या नावावर पडलं म्हणजे तुम्ही घेतलंत. जमा झालं म्हणजे तुम्ही दिलंत. संपूर्ण शास्त्र या दोन वाक्यांवर उभं आहे.

तुझे कंदील घे. वही कोणाची? कंदिलाच्या धंद्याची. तुझी नाही, ताईची नाही. धंदा हा एक वेगळाच माणूस आहे असं समज आणि वही त्याने लिहिली आहे असं समज. आत्याने ३,००० दिले, आत्याच्या खात्याला जमा. सोसायटीने आठ कंदील नेले आणि पैसे दिले नाहीत, सोसायटीच्या नावे १,२००. तू आणि ताईने ५,००० दिलेत, म्हणून तुमच्या भांडवल खात्याला जमा. धंद्याच्या नजरेतून तुम्ही दोघी आणि आत्या सारख्याच, पैसे देणाऱ्या. आत्याला ठरल्या वेळी परत द्यायचे, तुम्हाला सगळ्यात शेवटी, एवढा फरक. भांडवल देण्यांच्या पंगतीला बसतं ते याच कारणाने. आणि तू ५०० काढलेस ते धंद्याकडून तू घेतलेस. ती तुझी उचल, तुझ्या नावे. तो धंद्याचा खर्च नाही.

माणसांचं झालं. आता निर्जीव वस्तूंनाही माणूस समज. गल्ल्यात ७,८०० टाकले, गल्ल्याने घेतले, गल्ल्याच्या नावे. उद्या विचारशील तेव्हा त्याने ते मोजून दाखवायला हवेत. ट्रिमरमध्ये १,८०० गेले, ट्रिमरच्या नावे. भाड्याने ९०० खाल्ले, भाड्याच्या नावे. विक्रीने दिलं, विक्रीला जमा. पुस्तकात व्यक्ती खाते, वास्तव खाते, नामधारी खाते असे तीन नियम वेगवेगळे दिसतात. मुळात नियम एकच, घेणारा नावे आणि देणारा जमा. पहिल्यात माणूस खराखुरा, पुढच्या दोघांत मानलेला.

सगळ्या आठ नोंदी वहीत हाताने लिही. मोबाईलवर नको. लिहिताना प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायला विसरू नकोस, '...बद्दल' म्हणून.

---

रोजकीर्द
वहीखाते काका, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

थोडी भर घालतो. द्विनोंदीची पद्धत पहिल्यांदा सविस्तर छापून प्रसिद्ध केली ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. तो फ्रान्सिस्कन साधू होता आणि हा भाग त्याच्या गणिताच्या ग्रंथातलं एक प्रकरण होता. पद्धत त्याने शोधलेली नाही, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून तशाच वह्या लिहीत होते. मला यातलं आवडतं ते हे की गणित शिकवणाऱ्याला हे गणितात घालण्यासारखं वाटलं. म्हणजे सायन्सवाल्यांनी परकं वाटून घ्यायचं कारण नाही.

आपल्याकडेही हिशोबाची परंपरा काही लहान नाही. पेशवाईच्या दफ्तरातल्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वह्या, अभ्यासक आजही वाचतात. फडणीस, पोतनीस, जमेनीस ही आडनावं हिशोबाच्या आणि खजिन्याच्या हुद्द्यांवरूनच पडली. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा अमात्य होता, त्यालाच आधी मुजुमदार म्हणत. रोजकीर्द, खतावणी (त्याच नोंदी खात्यांप्रमाणे मांडलेली वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची नावे-जमा यादी), ताळेबंद (मालमत्ता एकीकडे, देणी आणि भांडवल दुसरीकडे) हे शब्द घरात आहेत, ते वापरून शिकलं तर निम्मी भीती जाते असं मला मनापासून वाटतं.

---

घोडबंदर_खजिनदार
आमच्या सोसायटीची मी तीन वर्षं खजिनदार आहे, मूळची शिक्षिका. 'वही कोणाची' हा प्रश्न मला कुणी आधी सांगितला असता तर किती रात्री वाचल्या असत्या.

दरवर्षी वार्षिक सभेत एक सभासद हमखास उठतात. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, तेव्हा अहवाल सगळ्यांच्या हातात असतो. प्रश्न ठरलेला, सिंकिंग फंडाबद्दल, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीबद्दल: 'सिंकिंग फंडाचे पैसे आपल्याकडे आहेत ना? मग ते देण्यांच्या बाजूला का दाखवलेत? पैसे खर्च झाले का?' आवाज चढतो, संशय घेतला जातो. उत्तर साधं आहे. वही सोसायटीची. सभासदांनी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दराने दरवर्षी निधी दिला, तो निधी खात्याला जमा. त्याच पैशाची मुदत ठेव केली, ती मालमत्तेच्या बाजूला, बँकेच्या नावे. एकाच पैशाच्या या दोन बाजू. पैसे आले कुठून आणि आता आहेत कुठे.

पेट्रीडिश, तुमच्या घरी सोसायटीचा अहवाल येत असेल तर तो घेऊन बस. कंपन्यांच्या अहवालापेक्षा तो पुष्कळ सोपा असतो, आणि त्यातले आकडे तुझ्या ओळखीचे असतात. पाणीपट्टी, वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल. नफा-तोटा पत्रकाऐवजी तिथे उत्पन्न-खर्च पत्रक असतं, बाकी तत्त्वं तीच. अमुक फ्लॅटने सहा महिने मेंटेनन्स भरला नाही तरी ती रक्कम उत्पन्नात धरलेली दिसेल आणि येण्यांतही दिसेल. ते का, याचा विचार कर.

---

आर्टिकल_नौपाडा
खजिनदार ताईंनी शेवटी जो प्रश्न ठेवला त्याचं उत्तर म्हणजेच तुझ्या नफ्याच्या भांडणाचं उत्तर. मी सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, करतोय, सध्या दिवसभर हेच करतो.

पैसे हातात कधी आले याला हिशोबात दुय्यम महत्त्व आहे. कमाई कधी झाली आणि खर्च कधी पडला ते बघायचं. याला उपार्जित पद्धत म्हणतात. कंपन्यांना तर पर्यायच नाही, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ मध्ये पुस्तकं उपार्जित पद्धतीने आणि द्विनोंदीनेच ठेवायची असं स्पष्ट म्हटलंय.

म्हणून तुझी विक्री ७,८०० धरायची नाही, ९,००० धरायची. सोसायटीने कंदील नेले त्या दिवशी कमाई झाली. माल ४,२०० चा आणला, पण ७०० चा उरला, म्हणजे या दिवाळीत ३,५०० चाच वापरला. भाडं ९०० पूर्ण. ट्रिमर एका दिवाळीत संपत नाही. तीन दिवाळ्या चालेल असं धरलं तर या दिवाळीच्या वाट्याला ६००. हा घसारा.

९,००० − ३,५०० − ९०० − ६०० = ४,०००.

तिघींचीही उत्तरं का चुकली ते बघ. तिघींनी गल्ल्यापासून सुरुवात केली. गल्ल्यातल्या ८,४०० मध्ये तुमचं भांडवल आहे, आत्याचे पैसे आहेत, आणि सोसायटीचे १,२०० त्यात नाहीतच. आईंनी आत्याचे पैसे वजा केले ते बरोबर, पण ट्रिमर आणि उरलेला कागद अजून घरात आहे, तो कुणी मोजला नाही. आणि तुझे ५०० कुणी परत मिळवले नाहीत.

घसाऱ्याबद्दल एक. किती वर्षं धरायची हा अंदाज असतो, आणि दोन कायदे दोन अंदाज करतात. लॅपटॉपचं आयुष्य कंपनी कायद्याच्या परिशिष्टात तीन वर्षं धरलंय, आयकरात त्याच्यावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा मिळतो. एकाच वस्तूची दोन वह्यांत दोन किमती दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात. तुम्हाला प्रयोगशाळेत मोजमाप अचूक करायची सवय, त्यामुळे हे सुरुवातीला खटकेल. अंदाज प्रामाणिकपणे करायचा आणि दरवर्षी तोच नेम ठेवायचा, मनाला येईल तसा बदलायचा नाही.

आणि कृपा करून कंदिलांसाठी एक वेगळं बँक खातं ठेवा. रिचार्ज त्यातून नाही.

---

वहीखाते
आर्टिकलवाल्या मुलाने फार नीट सांगितलं. कमाई कोणाची हाही प्रश्न वहीचाच आहे, त्याचं एक मार्केटातलं उदाहरण देतो.

शेतकऱ्याचा कांदा गाळ्यावर आला आणि एक लाखाला विकला गेला. नवीन पोरगा हाताखाली आला की हमखास एक लाख विक्री खात्याला जमा करायचा. माल कोणाचा होता? शेतकऱ्याचा. मग तो लाख शेतकऱ्याच्या खात्याला जमा. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई असं जे त्याच्या वतीने भरलं ते त्याच्या नावे टाकायचं, उरलेल्या रकमेची हिशोबपट्टी त्याच्या हातात द्यायची. गाळ्याची कमाई म्हणजे फक्त आडत, म्हणजे दलाली. दिवसभरात गल्ल्यातून कितीही पैसा वाहिला तरी तो बहुतेक दुसऱ्याचा असतो, हे ज्याला विसरायला होतं त्याचा गाळा फार दिवस टिकत नाही. मी तसे गाळे बंद होताना पाहिलेत. शेतकऱ्याची पट्टी थकवून मालकाने घर बांधलं, आणि पुढच्या हंगामात गाळ्यावर माल येईना.

---

पेट्रीडिश
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आठ नोंदी हाताने लिहिल्या. रोजकीर्द लिहिली, खतावणी केली, प्रत्येक खात्याची बाकी काढली. लिहिताना मनात 'कोणी घेतलं, कोणी दिलं' असं म्हणत होते आणि पहिल्यांदाच अडखळले नाही.

पण तेरीज जुळत नाहीये. जमेची बाजू नावेपेक्षा ३,६०० ने जास्त येतेय. रात्रीचे साडेअकरा झालेत, चार वेळा बेरीज केली.

---

घोडबंदर_खजिनदार
फरकाचं निम्मं कर. १,८०० आले. तुझ्या यादीत १,८०० चा आकडा आहे, ट्रिमर. तो नावेऐवजी जमेला लिहिला असशील तर नेमका दुप्पट फरक पडतो. आधी तिथे बघ.

---

वहीखाते
खजिनदार ताई म्हणतात ती जुनी खूण आहे, बरोबर आहे. पण ३,६०० ला ९ नेही भाग जातो, ४०० वेळा. फरकाला ९ ने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ५२ चे २५, ७० चे ०७ असं. दोन्ही तपास. आणि बेरीज पाचव्यांदा करू नकोस, बेरीज बरोबरच असेल. खतावणीतून तेरजेत उतरवलेला प्रत्येक आकडा बोट ठेवून बघ.

---

पेट्रीडिश
सापडलं!! ट्रिमर नावेलाच होता. रोख खात्याची बाकी खतावणीत ८,४०० आहे, तेरजेत उतरवताना ४,८०० लिहिलं गेलं. चार वेळा बेरीज केली आणि चारही वेळा त्याच चुकीच्या आकड्याची केली.

आता तेरीज अशी:

नावे: रोख ८,४००, खरेदी ४,२००, ट्रिमर १,८००, भाडे ९००, उचल ५००, सोसायटी १,२००. एकूण १७,०००.
जमा: भांडवल ५,०००, आत्या ३,०००, विक्री ९,०००. एकूण १७,०००.

दोन्हीकडे १७,००० बघून मी ताईला झोपेतून उठवलं.

---

आर्टिकल_नौपाडा
अभिनंदन! आता एक सावधगिरी, कारण हे परीक्षेतही विचारतात आणि ऑफिसात तर रोज दिसतं. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर असं नसतं. तू ट्रिमर खरेदी खात्यात टाकला असतास तरी नावेची बाजू १७,००० च आली असती, पण नफा चुकला असता. टिकाऊ वस्तू मालात घातली म्हणजे तत्त्वाची चूक झाली. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, म्हणजे दोन्ही बाजूंनी राहिला, तरी तेरीज शांतपणे जुळते. बरोबर रक्कम चुकीच्या माणसाच्या खात्याला गेली तरीही जुळते. म्हणून आम्ही तेरीज हातात आली की बिलं मागतो.

---

ऐरोली_लोकल
आता त्याच आकड्यांचा ताळेबंद मांड, मग माझं समीकरण आणि काकांची वही एकाच जागी येतात की नाही बघ. भाडं आणि विक्री कुठे बसतात हा तुझा प्रश्न राहून गेला होता. ते दोन्ही नफ्यात विरघळतात आणि नफा भांडवलात जातो. खर्चाने भांडवल कमी होतं म्हणून खर्च नावे, उत्पन्नाने वाढतं म्हणून उत्पन्न जमा.

पुढच्या वाचनासाठी: बालभारतीची अकरावी-बारावीची 'पुस्तपालन व लेखाकर्म' ही पुस्तकं ई-बालभारतीवर मराठीत फुकट मिळतात. मी इंजिनीअर होऊन तीच वाचली आणि त्याचा मला अभिमान आहे. इंग्रजी शब्दांची सवय हवी असेल तर एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक आणि सीए फाउंडेशनचं आयसीएआयचं (सीएंच्या संस्थेचं) साहित्य, तेही संकेतस्थळावर मोफत आहे. टॅलीसाठी पुन्हा क्लास लावू नकोस. एज्युकेशनल मोडमध्ये ते लायसन्सशिवाय चालतं, फक्त महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी घेतं. सरावाला तेवढं पुरतं.

---

पेट्रीडिश
ताळेबंद:

मालमत्ता: रोख ८,४००, सोसायटीकडून येणे १,२००, शिल्लक माल ७००, ट्रिमर १,८०० वजा घसारा ६०० म्हणजे १,२००. एकूण ११,५००.
देणी आणि भांडवल: आत्या ३,०००, भांडवल ५,००० अधिक नफा ४,००० वजा उचल ५०० म्हणजे ८,५००. एकूण ११,५००.

आईला दाखवला. तिने आधी आत्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे पहिल्यांदा दे. काल दिले. आत्याच्या नावे ३,०००, रोख खात्याला जमा ३,०००, अशी नोंदही केली.

एक विचारायचं राहिलं. सोसायटीचे १,२०० दिवाळीपासून आले नाहीत. सेक्रेटरी काका दर वेळी 'बघतो' म्हणतात. हे बुडीत धरून खर्ची टाकू का?

---

वहीखाते
एवढ्यात नको. बुडीत धरायचं ते सगळे प्रयत्न संपल्यावर. आधी सांग, तू त्यांना बिल दिलं होतंस का?

---

पेट्रीडिश
नाही. कंदील नेऊन दिले आणि वहीत लिहून ठेवलं.

---

घोडबंदर_खजिनदार
मग त्यांची अडचण मला कळते. त्या सेक्रेटरींना पैसे द्यायचे असतील तरी त्यांच्या खजिनदाराला व्हाउचरला जोडायला कागद लागतो. बिलाशिवाय खर्च दाखवला तर आमचे ऑडिटर आमच्यावर शेरा मारतात. साध्या कागदावर नाव, तारीख, आठ कंदील, दर १५०, एकूण १,२०० असं लिही, सही कर आणि नेऊन दे. पोच घे. चेक कोणाच्या नावे हवा तेही लिही.

---

पेट्रीडिश
शनिवारी बिल नेऊन दिलं. सेक्रेटरी काका म्हणाले, अगं हेच तर हवं होतं, सांगायला संकोच वाटत होता. बुधवारी ताईच्या नावाचा चेक मिळाला. तिचं एक पडून असलेलं बचत खातं आता फक्त कंदिलांसाठी ठेवलंय, त्यात भरला. आज पासबुक छापून आणलं. १,२००, जमा, बँकेच्या वहीत. आमच्या वहीत मी लिहिलं:

बँक खाते नावे १,२००
सोसायटी खात्याला जमा १,२००
(आठ कंदिलांचे येणे धनादेशाने मिळाल्याबद्दल)